काळ्या दोऱ्याची मिरची

एर्मेलिंदाच्या झाडांना कुणी छान म्हटलं, की तिच्या कपाळावर आठी पडायची.

“हात लावा,” ती म्हणायची. “छान म्हणालात ना? मग पानाला हात लावून जा. नुसतं बघून जाऊ नका.”

नुसतं कौतुक करून गेलेल्या माणसाची दृष्ट मागे राहते, हे सोचिमिल्को या कालव्यांच्या गावात तान्ह्या बाळांच्या बाबतीत सगळेच मानतात. एर्मेलिंदा मिरचीच्या बाबतीतही मानायची. गिऱ्हाईक हसत हसत हात लावायचं. ते गेलं, की ती त्या झाडाची फळं मोजायची. दृष्टीपेक्षा हाताचा धोका मोठा, हेही ती मानत होती.

मिरची शोभेची. वीतभर उंच, गोल भरलेलं झाड. फळं करंगळीच्या पेराएवढी, सगळी आकाशाकडे तोंड करून. आधी दुधाच्या दातासारखी पांढरी, मग थेट लाल. खाली हिरवी पानं. सप्टेंबरात देशाच्या स्वातंत्र्याचा सण येतो, तेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर, खिडकीत, शाळेच्या पायरीवर झेंड्याच्या रंगांच्या कुंड्या लागतात. रोपबाजारात शोभेची मिरची वीस जणांकडे असे. कुणाची पिवळी, कुणाची नारिंगी, कुणाची मिसळ. झेंड्याचे तीनच रंग एका झाडावर, एकाच वेळी, फक्त एर्मेलिंदाकडे. त्या जोरावर तिला सप्टेंबरात फाटकाजवळची पहिली जागा मिळायची.

हे झाड तिला कुणी दिलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी नवरा, पोर्फिरियो, गेला. त्याच्या आजारपणात लेट्यूसचे वाफे वाळून गेले होते. ती बाजारात दुसऱ्यांच्या कुंड्या उचलायला जाऊ लागली. तिथल्या कचऱ्यात एक वाळकी मिरची पडली होती. एका फांदीवर तीन फळं होती, दोन पांढरी आणि एक लाल. तिनं फांदी झग्याच्या खिशात टाकली आणि दिवसभर खिशावर हात ठेवून काम केलं. कचऱ्यातली चीज होती, तरी कुणी मागेल असं तिला वाटत होतं.

तेव्हापासून ती मिरचीची झाली. रोप चार बोटं झालं, की शेंडा नखानं खुडायचा, म्हणजे ते उंच जायचं सोडून अंगानं भरतं. पहिलं फूल काढून टाकायचं. पाणी सकाळी, बुडाशी. पानावर थेंब नको. पांढरी माशी आली तर लसूण वाटून साबणाच्या पाण्यात. बियाण्याची सहा झाडं वेगळी, आणि त्यांच्यावर मुलीच्या, आरासेलीच्या, पहिल्या कम्युनियनची जाळीदार ओढणी. मधमाशी दुसऱ्याच्या मिरचीवरून आली तर वाण बिघडतो. एर्मेलिंदाचा मधमाशीवरही विश्वास नव्हता.

एवढं करूनही वाणाच्या रक्तात जांभळा होता. दरवर्षी शंभरात पाच-सात झाडं दगा द्यायची. पांढऱ्यातून लालाकडे जाताना फळाच्या गालावर जांभळी झाक यायची. काही तर लबाड. अर्धी फळं लाल झाल्यावर मग उरलेल्यांवर जांभळा दाखवायची. एर्मेलिंदानं सुतकातली काळी शाल उसवून दोऱ्याचं गुंडाळं करून ठेवलं होतं. झाक दिसली, की बुंध्याला काळा दोरा आणि दोन गाठी. संध्याकाळी काळ्या दोऱ्याची झाडं उपटायची, धक्क्यावर न्यायची आणि होडीच्या काठीनं कालव्याच्या तळाशी दाबून टाकायची.

कालव्यात रोपं टाकायला बाजाराच्या सभेची बंदी होती. पाणी तुंबतं म्हणून. जो टाकेल त्याची जागा मागे जाईल, असं फाटकावर लिहिलेलं होतं. एर्मेलिंदाला ते पाठ होतं. पण उकिरड्यावर टाकलं तर कुणी उचलून नेईल, बी काढील, पेरील. पाण्यात बुडालेलं कुणी नेत नाही.

कालव्याच्या पलीकडे फिदेन्सियोचा चिनाम्पा, पाण्यात चिखल रचून केलेलं शेत. कडेला वाळुंजीच्या झाडांची रांग, आत लेट्यूस, नुसतं लेट्यूस. फिदेन्सियो तिचा कोम्पाद्रे होता, म्हणजे तिच्या मुलीचा धर्मबाप. आरासेलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्यानं धरलं होतं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. लहानपणी दोघांनी एकाच होडीतून कालव्यात उड्या मारल्या होत्या, एकमेकांना बेडूक म्हटलं होतं. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून तो कोम्पाद्रे आणि ती कोमाद्रे. दोघंही ‘तुम्ही’. देवासमोर जोडलेलं नातं. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो तिच्या धक्क्यावर दोन लेट्यूस ठेवायला आला. डोळे लाल होते, पाणी गळत होतं.

“काय हो कोम्पाद्रे, डोळ्याला काय झालं?”

“काही नाही. चिलट गेलं.”

“दोन्ही डोळ्यांत?”

“दोन चिलटं गेली,” तो म्हणाला आणि होडी ढकलून निघाला.

एर्मेलिंदा लेट्यूस हातात धरून उभी राहिली. अकरा वर्षांत तिचे स्वतःचे डोळे असे शंभर वेळा झाले होते. मिरचीची फळं हाताळायची आणि विसरून डोळा चोळायचा. लेट्यूसनं कुणाच्या डोळ्याला पाणी येत नाही.

त्या दिवसापासून तिनं आपलं स्टूल बदललं. आधी ती झाडांकडे तोंड करून बसायची, आता कालव्याकडे. फिदेन्सियोच्या खोपटामागे काळी जाळी ताणलेली होती. मागच्या वर्षी नव्हती. निकोलासा, त्याची बायको, सकाळी पाण्याचा डबा घेऊन जाळीखाली जायची, बाहेर आली की इकडे-तिकडे बघून छातीवर बोटांनी क्रूस काढायची. बुधवारी वारा सुटला आणि जाळीचं टोक उडालं. एर्मेलिंदाला पांढरं दिसलं, लाल दिसलं. जाळी पुन्हा खाली आली.

तिनं मागे मोजत जायला सुरुवात केली. ऑगस्टात फळ, म्हणजे फेब्रुवारीत पेरणी. फेब्रुवारीत काय होतं? दोन तारखेला कँडलमास. त्या दिवशी सगळं गाव नवे कपडे घातलेली बाळ येशूची मूर्ती आणि पेरायचं बी टोपलीत घालून देवळात नेतं, फादर पाणी शिंपडतात. तिच्या टोपलीत बाळ, मेणबत्ती आणि मिरचीच्या बियांची बाटली होती. गर्दीत बाळाचा एक बूट पडला. ती शोधायला वाकली आणि टोपली दिली कोणाकडे? कोम्पाद्रेकडे. बूट सापडायला किती वेळ लागला? चांगली दहा मिनिटं. घरी आल्यावर बाटलीचं झाकण सैल होतं. खरंच सैल होतं, की आता सैल वाटत होतं, हे तिला सांगता आलं नसतं. पण एकदा सैल झालेलं झाकण मनात परत घट्ट होईना.

“आई, तो माझा धर्मबाप आहे,” आरासेली म्हणाली. ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची, दुपारी जेवायला यायची. “लग्नात माझा हात धरून देवळात तो आला. बाबा नव्हते तेव्हा तो आला.”

“म्हणूनच. चोराला घर माहीत असावं लागतं.”

“तू बघितलंस का चोरताना?”

“डोळे बघितले.”

“कुणाचे?”

“त्याचे. लाल होते.”

आरासेलीनं भाकरीचा तुकडा तसाच ठेवला. “आई, रविवारी सभा आहे. तू तिथे काही बोललीस ना, तर त्याची जागा जाईल. माणूस बाजारातनं उठेल. त्या वयात कुठे जाईल तो?”

“आणि मी कुठे जाऊ? झेंड्याची मिरची सगळ्यांकडे झाली की मी परत दुसऱ्यांच्या कुंड्या उचलू?”

रविवारच्या सभेत सप्टेंबरच्या जागा वाटल्या जात. दुसऱ्याचा वाण चोरलेला सिद्ध झाला, तर त्याला जागा नाही, असा नियम होता. एर्मेलिंदाला दिसत होतं, की एक तरी जाणार. मिरची, नाहीतर कोम्पाद्रे.

गुरुवारी ती बाजारात चोनाजवळ बसली. चोना निवडुंग विकायची. काटे काढता काढता तिला सगळ्यांचं सगळं कळायचं.

“चोना, लेट्यूसला कुणी काळी जाळी लावतं का गं?”

“उन्हाळ्यात लावतात काही जण.”

“पावसाळ्यात? आणि खोपटामागे?”

चोनाच्या हातातला चिमटा थांबला. “कुणी लावलीय?”

“कुणी नाही. मी आपलं विचारलं.”

“कालव्यापलीकडे खोपट एकाचंच आहे, दोन्या एर्मे.” बाजारात एर्मेलिंदाबाईला सगळे असंच म्हणत.

“मी नाव घेतलं का?”

“नाही बाई,” चोना म्हणाली. “तुम्ही कशाला घ्याल.”

शुक्रवारी सकाळी फिदेन्सियो आणि निकोलासा डोळ्याच्या दवाखान्यात गेले. एर्मेलिंदानं त्यांची होडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत वाट बघितली. मग स्वतःची सोडली. परक्याच्या चिनाम्प्यावर न विचारता पाय ठेवायची तिची आयुष्यातली ही पहिली वेळ. कुत्रं ओळखीचं होतं, शेपूट हलवत मागे आलं. तेही तिला बरं वाटलं नाही.

तिनं जाळी उचलली.

एकतीस झाडं होती. रंगाचे डबे, चरबीचे डबे, एक फुटका हंडा. जे मिळालं त्यात लावलेली. फळं वर तोंड करून. सगळ्या डब्यांभोवती जाड मिठाचं रिंगण घातलेलं होतं. गोगलगायींसाठी असणार. मिठानं माती मरते, एवढंही या गड्याला कळत नाही, ती मनात म्हणाली, आणि मीठ तुडवत आत गेली.

एक लाल फळ तोडून तिनं दाताखाली धरलं. दुसऱ्यांची मिरची जिभेवर लगेच पेटते. तिची उशीर लावते. आधी काहीच नाही, काकडीसारखं. एक, दोन, तीन. सातव्या आकड्याला घशाच्या तळाशी निखारा पडला. एर्मेलिंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचीच होती. पोटच्या पोराला अंधारात हात लावून ओळखावं तशी तिनं ती ओळखली.

मग डोळे पुसून तिनं नीट बघितलं. तिसऱ्या डब्यात फळाच्या गालावर जांभळं. पाचव्यात जांभळं. सातव्यात तर पांढरं नावालाच. एकतीसपैकी धड झेंड्याची चारसुद्धा नव्हती. चोरलीच, वर बिघडवली. तिला चोरीपेक्षा याचा राग जास्त आला.

आता रविवारपर्यंत थांबायचं, असं तिनं ठरवलं. पण शनिवारी सकाळी ती शेंडे खुडत असताना होडीची काठी धक्क्याला लागली. फिदेन्सियो उतरला. एका डोळ्यावर पट्टी होती. निकोलासा होडीतच बसून राहिली, मांडीवर शाल, शालीखाली काहीतरी.

“बसा कोम्पाद्रे. कॉफी टाकते.”

“नको.” अठ्ठावीस वर्षांत त्यानं तिची कॉफी पहिल्यांदा नाकारली. “तुम्ही बाजारात मला चोर म्हणालात.”

“म्हणाले नाही. विचारलं.”

“चोनाला विचारलं म्हणजे घंटा वाजवून सांगितलं.”

“मग खोटं आहे का? जाळीखाली काय आहे, सांगा ना.”

“जाळीखाली?” तो म्हणाला. “तुम्ही जाळी उचललीत?”

एर्मेलिंदानं हातातला खुडलेला शेंडा झग्याच्या खिशात टाकला. होडीतून निकोलासा म्हणाली, “बघितलंत? मी काय म्हटलं होतं? मीठ तुडवलेलं आहे. बाईच्या पायाचं माप आहे. आली की नाही स्वतःच्या पायानं?”

तिनं शालीखालून काचेची बरणी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती धक्क्यावर ठेवली, लगेच हात विजारीला पुसला. बरणीत खडेमीठ होतं. मिठात काळे दोरे होते, सतरा-अठरा, चिखलानं कडक झालेले. प्रत्येकाला दोन गाठी. काहींत अजून देठाचा तुकडा अडकलेला.

“हे माझ्या चिखलात सापडलं,” फिदेन्सियो म्हणाला.

कालव्याच्या तळाचा चिखल काठीला बांधलेल्या पिशवीनं उपसायचा, वाफ्यावर पसरायचा, जरा आळला की सुरीनं वड्या पाडायच्या आणि एका वडीत एक बी टोचायचं. इथली रोपं अशीच होतात. फेब्रुवारीत फिदेन्सियोनं चिखल काढला तो तिच्या धक्क्याजवळच्या वळणावरून. तिथलं पाणी संथ, तिथला चिखल लोण्यासारखा. दरवर्षी तो तिथूनच काढायचा. या वर्षी तो चिखल हातानं पसरताना बोटांत दोरे आले.

“काळे. गाठी मारलेले. मिरचीच्या बुंध्याला,” तो म्हणाला. “मला वाटलं, असेल कुणाचं काही. मी लेट्यूस पेरलं. आणि उगवलं काय? मिरची. एकेका वडीत दोन-दोन, तीन-तीन. कोण पेरतं असं?”

“काळ्या दोऱ्यानं बांधून मिरची पाण्यात कोण सोडतं?” निकोलासा म्हणाली. “भाजीला सोडतं का? करणी आहे ही, कोमाद्रे. आंधळ्यालाही कळेल. मार्चमध्ये माझा गुडघा गेला. मेमध्ये कोंबड्या गेल्या. आता ह्यांचे डोळे.”

“मग उपटायची होती.”

“पलीकडच्या गावच्या झाडफूकवालीला विचारलं. ती म्हणाली, उपटू नका, जाळू नका, जाळली तर धूर तुमच्याच घरात फिरेल. मिठाच्या रिंगणात वाढवा. फळ पिकलं, की ज्यानं पाठवली तो आपल्या पायानं तिच्याकडे येईल. मग त्याची त्याला परत द्या.” निकोलासानं तिच्या पायांकडे बघितलं. “कालचा शुक्रवार.”

एर्मेलिंदानं बरणी उचलली. गाठी तिच्याच होत्या. आधी उजवी, मग डावी, पोर्फिरियो होडी बांधायचा तशी. एका क्षणात तिला सगळं दिसलं. मागच्या सप्टेंबरात काठीनं तळाशी दाबलेली लाल, जांभळी झाडं. वर साचलेला गाळ. फिदेन्सियोची पिशवी. बियांच्या बाटलीला कुणी हात लावला नव्हता. लावला असता, तर डब्यांत झेंडा उगवला असता. त्याच्याकडे होता तो तिनं फेकलेला जांभळाच.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. सहा महिने हे दोघं तिच्याच कचऱ्याला घाबरत, मिठात उभं करून, पाणी घालत होते. तिचंच नाव मनात धरून. आणि तरी लेट्यूस आणून देत होते.

“करणी नाही,” ती म्हणाली. “मीच टाकली. जांभळी होती म्हणून.”

“काय?”

“जांभळं झाड नको असतं मला. ओळखायला दोरा बांधते. मग उपटून टाकते. पाण्यात.”

“काळाच दोरा कशाला?” निकोलासानं विचारलं.

“शाल काळी होती.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. हे उत्तर त्यांना फार साधं वाटलं असावं.

“उकिरडा आहे ना तुमच्याकडे?” फिदेन्सियो हळू म्हणाला. “मोठा आहे. पाण्यात कशाला? बंदी आहे.”

“उकिरड्यावरनं कुणी नेली असती.”

“कोण?”

एर्मेलिंदा कालव्याकडे बघू लागली.

“कोण नेणार, कोमाद्रे? इथे आजूबाजूला आम्हीच तर आहोत.”

कालव्यावरून एक बदक गेलं. फिदेन्सियो होडीत चढला, काठी हातात घेतली.

“उद्या सभेत हे सांगा. आज मला सांगितलंत तसंच.”

“सभेत सांगितलं तर माझी फाटकाजवळची जागा जाते, कोम्पाद्रे.”

“नाही सांगितलं तर माझी जाते. आणि जागेचं जाऊ द्या. लोक माझे खिसे बघतील.” त्यानं होडी ढकलली. बरणी धक्क्यावरच राहिली.

रविवारी बाजाराच्या पत्र्याच्या मांडवात सगळे जमले. एर्मेलिंदा उशिरा गेली. फिदेन्सियो पुढच्या बाकावर होता. त्याच्या डाव्या बाजूला फक्त निकोलासा होती, बाकी सगळा बाक रिकामा. मागे माणसं उभी होती, तरी त्या बाकावर कुणी बसत नव्हतं. एर्मेलिंदानं ते बघितलं. तिच्याच एका प्रश्नानं तो बाक रिकामा केला होता. ती मागे, खांबाला टेकून उभी राहिली.

सभेचे चिटणीस इलारियो वहीतून नावं वाचत होते. जागा ठरत होत्या, कुरकुर चालली होती. मग ते म्हणाले, “फिदेन्सियो. लेट्यूस. नेहमीची जागा, पाण्याच्या टाकीजवळ.”

“थांबा,” चोना म्हणाली. “आधी दोन्या एर्मेला विचारा.”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. इलारियोंनी चष्मा वर केला. “दोन्या एर्मे, काही तक्रार आहे?”

सोपी वाट समोरच होती. ‘माझी काही तक्रार नाही’ एवढं म्हटलं असतं, तर दोघांच्याही जागा राहिल्या असत्या. नाव तिनं घेतलंच नव्हतं. पण मग लोक म्हणाले असते, बाई कोम्पाद्रेकडे बघून गप्प बसली. फिदेन्सियोच्या बाजूला वर्षभर कुणी बसलं नसतं. हे लोक कसे विचार करतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती स्वतः तसाच विचार करत आली होती.

“चोरी झालेली नाही,” ती म्हणाली.

“मग त्याच्याकडे तुमची मिरची आली कशी?” चोना म्हणाली. “उडत?”

“चिखलातनं. मी टाकलेली.” ती खांब सोडून पुढे आली. “नको असलेली झाडं मी कालव्यात टाकते. काठीनं खाली दाबते. माझ्या धक्क्याच्या वळणावर. कोम्पाद्रेनं तिथला चिखल काढला, त्यातनं उगवली. दोष माझा आहे.”

“किती दिवस टाकताय?” इलारियोंनी विचारलं.

“अकरा वर्षं.”

मांडवात एकदम गलका झाला. “म्हणून माझी होडी तिथे अडते!” कुणी म्हणालं. “दोन्या एर्मे, अजून काय काय दाबलंय खाली?” दुसरा ओरडला. “नवऱ्याला तरी कबरस्तानातच पुरलंत ना?”

“त्याला तिथेच पुरलंय,” एर्मेलिंदा म्हणाली. “तुला बघायचं असेल तर कुदळ घेऊन ये.”

लोक हसले. इलारियोंनी वही टेबलावर आपटली. नियम तो नियम, ते म्हणाले. या सप्टेंबरात फाटकाजवळची जागा नाही. सर्वांत मागे, खताच्या पोत्यांजवळ. ती जागा मिरच्यांना वाईट होती. ऊन दुपारी बारानंतर यायचं आणि गिऱ्हाईक तिथवर पोचायचंच नाही. तिनं मान हलवली.

“आणि एक विचारू?” मागून एक जण म्हणाला. गुलाब विकणारा. “तिथल्या चिखलातनं माझ्याही वाफ्यात उगवली, तर ती माझीच ना?”

इलारियो विचारात पडले. “कालवा सगळ्यांचा,” ते म्हणाले. “चिखल काढील त्याचा.”

या वेळी कुणी हसलं नाही. एर्मेलिंदानं हळूच चेहरे बघितले. गुलाबवाला छताकडे बघत होता. चोना नखं बघत होती. दोन भाऊ एकमेकांच्या कानात बोलत होते. अर्धा बाजार मनातल्या मनात फेब्रुवारीत पोचला होता, हातात काठी आणि पिशवी घेऊन. अकरा वर्षं तिनं ज्यांच्यापासून बी लपवलं, त्यांना जागा तिनंच दाखवून दिली होती.

“फिदेन्सियो,” इलारियोंनी पुन्हा वाचलं. “टाकीजवळ. हरकत?”

कुणाची हरकत नव्हती. कोणीतरी पुढच्या बाकाच्या टोकाला येऊन बसलं.

बसायला तिला एकच जागा दिसत होती, फिदेन्सियोच्या उजव्या बाजूला. ती तिथे जाऊन उभी राहिली. तो पट्टी नसलेल्या डोळ्यानं समोर बघत होता.

“फेब्रुवारीत सगळे येतील त्या वळणावर,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“मी माझी होडी तिथे आडवी बांधून ठेवीन. कँडलमासच्या आधीच.”

एर्मेलिंदानं त्याच्याकडे नीट बघितलं.

“चिखल कुणाला मिळू नये म्हणून, कोम्पाद्रे, की पहिला तुम्हाला मिळावा म्हणून?”

फिदेन्सियोनं घाई केली नाही. त्यानं खरंच विचार केला.

“ते मी अजून ठरवलं नाही,” तो म्हणाला आणि तिला बसता यावं म्हणून जरा सरकला. निकोलासानं मांडीवरची पिशवी उचलून पलीकडच्या हाताला घेतली.

एर्मेलिंदा बसली.